पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे

"मेलीस तू," मी लेकीला म्हणाले.

ती माझ्यावर वाकली होती. तिच्या तळहातांना, कोपरांना, गालालाही निळी पूड लागली होती. पूड म्हणजे कारखान्यातलं विष आणि मी म्हणजे ते अंगावर सांडलेली बाई, असं आम्ही धरलं होतं. इस्पितळाच्या मागच्या आवारात तालीम चालली होती. मी अपघात विभागातली जुनी सिस्टर. लेक गेल्याच महिन्यात तिथे लागली.

"अगं आई, तू कण्हत होतीस. नुसती बघत बसू?"

"बसायचं. रबरी पोशाख नसेल तर जमिनीवरचा पिवळा पट्टा ओलांडायचा नाही. इथूनच ओरडून सांगायचं, कपडे उतरवा, फवाऱ्याखाली जा. धुतल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही."

"तुझं काळीज दगडाचं आहे."

असेल बाई. तिचे बाबा इथेच वॉर्डबॉय होते. कारखान्यातली टाकी फुटली तेव्हा त्यांनी एका कामगाराला खांद्यावर टाकून तसंच आत आणलं. त्याच्या कपड्यांतलं यांच्या छातीत गेलं. कामगार वाचला, हे गेले. लोक म्हणाले, देवमाणूस. लेक तेव्हा पाळण्यात होती. मला रडू आलं नाही. राग आला, तो अजून आहे. आणि ही पोरगी थेट बापावर गेली आहे. कोणी विव्हळलं की सगळ्यांच्या आधी धावते. मला धास्ती आहे ती त्याचीच.

"पुन्हा करू," म्हणत मी परत आडवी झाले. या वेळी कण्हले नाही. तिच्या लहानपणी मारायचे तशी हाक मारली.

"चिमे, ये गं. श्वास घेववत नाही मला."

तालमीला जमलेले बाकीचे वळून बघू लागले. लेक धावत आली आणि पट्ट्यापाशी थबकली. उचललेला पाय तिने मागे घेतला.

"बाई," तिचा आवाज चिरकला, "ऐकू येतंय ना? कपडे उतरवा. फवाऱ्याकडे या."

"बाळा, हात दे जरा."

"नाही बाई. तुमचं तुम्ही उठा."

ती रडत होती, पण जागची हलली नाही. म्हणजे मी जिंकले. आनंद व्हायला हवा होता, पण काहीच वाटलं नाही. हात टेकून उठले, वरचा झगा काढला. गुडघा धरला होता. कोणी पुढे आलं नाही, यायचंही नव्हतं. मी एकटीच फवाऱ्याखाली जाऊन उभी राहिले.