ओढणारे पंखे

कॉम्प्युटरच्या पंख्याच्या चौकटीवर एक बारीक बाण असतो. हवा त्या दिशेने जाते, एवढाच त्याचा अर्थ. पण या बाणावरून जयस्तंभ चौकाजवळच्या दुकानात माझे बाबा आणि दुकानदार नीलेश भैया यांच्यात अशी जुंपली, की बाकीची गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून आमच्याकडे बघत राहिली.

मी एका आर्किटेक्टकडे काम करते. अजून न बांधलेल्या इमारतींची खरी वाटतील अशी चित्रं घरी बसून तयार करते. त्या चित्रांपायी माझे लॅपटॉप तापून तापून मेले, म्हणून या वेळी सुटे भाग आणून मशीन स्वतःच जोडायचं ठरवलं. प्रोसेसर, बोर्ड, कॅबिनेट सगळं निवडून झालं होतं. राहिले होते पंखे, आणि पंखे म्हटल्यावर बाबा चप्पल घालून माझ्याआधी ऑटोत जाऊन बसले.

"दीदी, दो पंखे आगे से हवा अंदर लेंगे, एक पीछे से बाहर फेंकेगा. बस," नीलेश भैया म्हणाला.

"काहून?" बाबा म्हणाले. "धूळ आत घ्याले पंखा लावता का? सगळेच्या सगळे ओढणारे लावा. आतलं बाहेर काढणारे."

"अंकल, सब बाहर फेंकेंगे तो डिब्बा हर दरार से धूल खींचेगा. आगे जाली है ना, हवा वहीं से आने दो."

"मैंने उरला में जिंदगी निकाली पंखे के पास," बाबा हिंदीवर आले, म्हणजे प्रकरण हातघाईवर आलं. "तुम मेरे को पंखा सिखा रहे हो?"

तेवढ्यात त्यांना खोकला आला. दुकानाच्या काउंटरला धरून ते वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. नीलेश भैया बिचारा पाण्याची बाटली घेऊन धावला.

बाबांचं नाव दिवाकर. उरला या कारखान्यांच्या वस्तीत, एका लोखंडाच्या कारखान्यात ते धूळ ओढणाऱ्या मोठ्या पंख्यावर होते. भट्टीवरची धूळ ओढायची, कापडी पिशव्यांत अडवायची, उरलेली हवा चिमणीतून सोडायची. पंखा धूळ ओढायचा खरा, पण सगळी नाही. जी सुटली ती बाबांच्या छातीत जाऊन बसली. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं होतं, "आत गेलेलं आता निघत नाही. नवीन जाऊ देऊ नका." म्हणून आम्ही उरल्याला लागूनच असलेलं बीरगांवचं घर सोडून चौबे कॉलोनीत भाड्याने राहायला आलो. इथे धूळ कमी, आणि बाबांना ओळखणारंही कोणी नाही. दिवसभर हॉलमधल्या दिवाणावर पडून ते खोकायचे. मला भीती वाटायची, आणि मला भीती वाटली की मी चिडते.

त्या दिवशी दुकानात मात्र चिडले नाही. नीलेश भैयाचंच बरोबर होतं, हे मला ठाऊक होतं. पण कारखाना सुटल्यापासून बाबा कोणाशी भांडले नव्हते. भांडताना त्यांच्या तोंडावर रंग चढला होता, डोळे चमकत होते. मी म्हटलं, "भैया, सगळे ओढणारे द्या." मशीन तापलं तर तापलं, माझ्या बापाचं मन तर राहील, असा माझा हिशेब.

मशीन हॉलमध्येच ठेवावं लागलं, कारण इंटरनेटची तार तिथवरच येत होती. बाबांच्या उशीशेजारी छोट्या स्टुलावर कॅबिनेट बसलं, त्याचा जाळीचा दर्शनी भाग दिवाणाकडे, सगळे पंखे मागच्या बाजूला. बाबांनी प्रत्येक पंख्याचा बाण बोटाने चाचपला, मगच मला स्क्रू लावू दिले. मशीन सुरू झाल्यावर त्यांनी पेचकसाचं टोक कॅबिनेटला टेकवलं आणि मुठीला कान लावला. कारखान्यात पंख्याचं बेअरिंग असंच ऐकत असत.

"बोलून राहिला," ते म्हणाले.

"कोण?"

"पंखा. चांगला आहे. भुकेला आहे."

मग त्यांनी आईकडून उदबत्ती मागितली, हवेचा ओढा बघायला. त्यांनी ती स्वतःच्या छातीपाशी धरली. वर छताचा पंखा गरगरत होता, खिडकी उघडी होती, तरी धूर इकडेतिकडे हलला नाही. बाबांच्या छातीपासून सरळ आडवा निघाला आणि जाळीत शिरला. बाबा खूश होऊन हसले. मला ते काही बरं वाटलं नाही, पण मी म्हटलं, चला, काम तर करतोय.

पुढच्या रविवारी जाळी साफ करायला काढली आणि बघतच राहिले. चौबे कॉलोनीची धूळ पिवळट असते. ही काळी होती, चमचमणारी, बोटाला तेलकट लागणारी. बीरगांवात वाळत घातलेल्या चादरीवर बसायची तीच.

"खिडकीतून आली असेल," आई म्हणाली. माझ्या आईला, प्रेमलाला, कुठल्याही गोष्टीचा उलगडा खिडकीतून होतो.

बाबांनी जुन्या स्पीकरचं चुंबक आणलं आणि धुळीवर धरलं. धूळ ताठ उभी राहिली, काट्यांसारखी. "लोखंड आहे," ते म्हणाले. "आपल्या उरल्याचं आहे हे." त्यांनी ती तुपाच्या रिकाम्या डब्यात झटकून घेतली. कारखान्यात पिशव्यांतली धूळ कधी फेकत नसत, पुन्हा भट्टीत जायची, म्हणून यांच्याच्याने फेकवेना.

दर वेळी जाळी भरलेली निघायची. आणि बाबांचा खोकला कमी होऊ लागला. आधी रात्रीचा गेला, मग सकाळचा. ते जिना चढून गच्चीवर गेले आणि धाप न लागता खाली आले. डॉक्टरांनी नवीन एक्स-रे उजेडाला धरला, उलटा केला, आमचाच आहे ना म्हणून नाव तपासलं.

एका दुपारी मी काम करत होते आणि बाबा झोपले होते. खिडकीतून उन्हाची तिरीप आली. त्या उजेडात मला दिसलं. बाबांच्या अर्धवट उघड्या तोंडातून एक बारीक काळी रेघ निघाली होती, मुंग्यांच्या रांगेसारखी संथ, आणि कॅबिनेटच्या जाळीत जात होती. ओरडावंसं वाटलं. पण बाबांची छाती इतक्या शांतपणे वरखाली होत होती, की मी ओरडले नाही. दुसऱ्या दिवशी नीलेश भैयाकडे गेले आणि आणखी मोठे, जास्त ओढणारे पंखे घेऊन आले. खरं सांगते, मला बाप हवा होता. कसा वाचतोय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

मग शंकरकाका आले. बीरगांवचे, बाबांच्याच पाळीतले; दोघांनी सगळं आयुष्य एका डब्यात जेवून काढलं. काकांनी दारातूनच हाक मारली, "दिवाकर! अबे, खोकला कुठं ठेवून आला?"

बाबा अदबीने उठून बसले. "या, बसा," म्हणाले. "आपण कोणाकडे आले?"

काकांना वाटलं मस्करी आहे. ते हसले, भट्टीच्या गोष्टी काढल्या, जुनी नावं घेतली. बाबा पाहुण्याची बडबड ऐकावी तसे ऐकत राहिले. काका चहा अर्धा टाकून उठले. जिन्यात त्यांनी मला विचारलं, "डोक्याचं काही झालं का याले?" घरात आले तर बाबा जाळीकडे बघत होते, आणि जाळी परत काळी झालेली.

मी आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मशीनच्या वायरपुढे जाऊन उभी राहिली. "बंद करू नको," ती म्हणाली. "उरला विसरून राहिले तर विसरू दे. काय दिलं उरल्यानं? माणूस झोपून राहिला ना सुखानं?"

मीही बंद केलं नाही. तिच्या आडून माझंच साधलं.

कारखान्यामागून बीरगांवचं घर त्यांच्या आठवणीतून गेलं. मग मी कितवीत असताना पडले होते, कोणाच्या लग्नात भांडण झालं होतं, ते गेलं. बाबा गोरे दिसू लागले, हलके झाले. चिडणं बंद झालं. भाजीत मीठ नसलं तरी जेवायचे.

एका सकाळी आई त्यांच्या उशाशी अभ्रा बदलत होती. बाबांनी तिच्याकडे पाहून हात जोडले. "बाई," ते म्हणाले, "थोडं पाणी देता का? तुमच्या घरी आलो तेव्हापासून लई त्रास देऊन राहिलो तुमाले."

आईने पाणी दिलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. मी मागे गेले तेव्हा तिला रडू फुटत नव्हतं, नुसता जबडा हलत होता. "बंद कर ते," ती म्हणाली.

मी धावत जाऊन बटण दाबलं. पंखे थांबले. आम्ही दोघी वाट बघत बसलो. काही झालं नाही. बाबा खिडकीबाहेर बघत होते, श्वास एखाद्या बाळाचा असावा तसा. दुपार झाली तरी आई त्यांच्यासाठी बाईच होती, आणि मी त्या बाईंची मुलगी. गेलेलं बंद केल्याने परत येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग बाबांना तो तुपाचा डबा दिसला. काठोकाठ भरला होता. त्यांनी झाकण काढलं, चिमूट घेऊन बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"हे कोणाचं आहे?"

"तुमचं," मी म्हटलं.

"माझं?" त्यांनी डबा हलवून पाहिला. "मग काढलं काहून?"

"बाबा, यानं तुमाले त्रास होत होता. श्वास घेता येत नव्हता. परत घेतलं तर परत होईल. मरून जाल तुम्ही." त्यांना मी कोण ते ठाऊक नसताना मी हे सांगत होते.

बाबांनी दारात उभ्या आईकडे पाहिलं. तिच्या तोंडावर पदर होता. तिच्याकडे ते असे बघत होते, जसं नाव ओठांवर आलंय आणि येत नाहीये.

"माझं आहे तर मले द्या," ते म्हणाले.

मी आईकडे बघितलं. ती नको म्हणेल असं वाटलं, ती म्हणाली असती तर मी थांबले असते. तिने पदर तोंडावरून काढला आणि बाबांच्या शेजारी दिवाणावर जाऊन बसली.

मी कॅबिनेट उघडलं. सगळ्यात मोठा पंखा सोडवला, उलटा फिरवला आणि स्क्रू पिळले. एक स्क्रू खाली पडला, तो शोधलाच नाही.

"बाण कोणीकडे आहे?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याकडे."

"चालू कर."

मी पंख्याच्या मागे डबा धरला आणि बटण दाबलं. धूळ उडाली नाही, तिची रेघच झाली, काळी आणि संथ, आणि आली तशीच परत गेली. आईने बाबांचा हात धरला होता. डबा हलका होत गेला. तळ दिसला तेव्हा मी पंखा थांबवला.

मग बाबांच्या छातीत खोल कुठेतरी काहीतरी घासलं, आणि तो आला. तो जुना, फाटका, दिवाण हलवणारा खोकला. खोकता खोकता ते वाकले, डोळ्यांत पाणी आलं, मान लाल झाली. आई त्यांची पाठ चोळत होती आणि रडत होती, मोठ्याने, आनंदाने.

"प्रेमला," बाबांना कसाबसा दम मिळाला, "पाणी कोमट दे न वं. किती वेळा सांगायचं?"

मग त्यांची नजर उघड्या कॅबिनेटवर गेली आणि कपाळावर आठ्या चढल्या.

"अबो, पंखा उलटा कोणं लावला? धूळ आत जाते ना अशानं!"

"मी लावला, बाबा," मी म्हटलं. ते पुन्हा खोकले, आणि मी तो खोकला ऐकत राहिले.