दिवे बघण्यापुरतं

दर रविवारी अर्धी अमेरिका जेवणं उरकून टेलिव्हिजनवर आमच्याकडचा खून बघायला बसायची. अर्ध्या तासाचा खून, आणि त्यातही मधे मधे फरशीच्या पॉलिशची जाहिरात. पॉलिशवाल्यांच्याच पैशावर कार्यक्रम चालायचा, त्यामुळे चकचकीत फरशीवर रक्त सांडलेलं त्यांना खपत नसे. आमच्याकडची माणसं सुरा पाठीत घेऊन आधी गालिच्यापर्यंत चालत जात आणि मग मरत. या प्रकाराला वर्तमानपत्रं थरार म्हणत असत.

आणि मरायला यायचं कोण? तर सिनेमातले जुने तारे. स्टुडिओंनी हाकलल्यावर एकेक जण नाक मुरडत टेलिव्हिजनच्या दारात यायचा. 'या डबड्यात काम करायची वेळ आली' असं मेकअपच्या खुर्चीत बसून ऐकवायचा आणि त्याच तोंडाने विचारायचा, पुढच्या महिन्यात आणखी एखादा खून आहे का? मला त्यांची कधी दया आली नाही. मी नेटी ग्रूबर. सिनेमात जन्मभर नायिकेची मैत्रीण झाले आणि टेलिव्हिजनवर मोलकरीण. प्रेत सापडल्यावर ट्रे खाली टाकून किंचाळायचं, हे माझं काम. त्यात मला तोड नव्हती.

थिओडोरा प्रेस्कॉट आली तेव्हा फरकोट घालून आली. सप्टेंबरात. लॉस एंजेलिसला. घामाने मेकअप ओघळत होता, पण कोट काढायला तयार नाही. एकेकाळी हिच्या डोळ्यांतून पाणी आलं की अख्खं थिएटर हुंदके द्यायचं, आणि त्या सिनेमांत मी तिच्या मागे रुमाल घेऊन उभी असायचे.

"नेटी!" तिने मला मिठी मारली. "अगं, तू अजून जिवंत आहेस?"

"रविवारी रविवारी किंचाळते की. टीव्ही नाही का तुझ्याकडे?"

"मी नाही बघत असलं काही." मग तिने आवाज खाली आणला. "ऐक. सेलवूड मोठा रंगीत सिनेमा काढतोय. आईची भूमिका आहे. मुलगा युद्धात मेल्याची तार येते, तो प्रसंग. तो म्हणाला, तुझं हल्लीचं काम बघतो आणि ठरवतो. म्हणजे हेच बघणार. हे हुकलं तर संपलं, नेटी. मग मला कुणी दारात उभं करणार नाही."

हे मात्र खरं होतं. सेलवूड हा एका बड्या स्टुडिओचा मालक, आणि तो दुसऱ्यांदा विचारणारा माणूस नव्हता.

आमच्या गोष्टीत थिओडोरा बहिणीला विष देते आणि शेवटी मोलकरणीसमोर, म्हणजे माझ्यासमोर, सगळं कबूल करते. आमचा दिग्दर्शक बड क्रॅन्शॉ म्हणून एक पोरगेला माणूस होता, कायम घड्याळाकडे बघणारा. तो म्हणाला, "आधी लांबून अख्खा प्रसंग घेऊ." थिओडोराने तो अख्खा प्रसंग वाण्याला सामान सांगावं तसा म्हणून टाकला. चेहऱ्यावर काही नाही, आवाजात काही नाही. विष, बहीण, दूध, कप. मला कळलं ती काय करतेय. मोठ्या स्टुडिओंत सगळे नट हेच करायचे. लांबच्या शॉटमध्ये नुसते शब्द म्हणायचे आणि अश्रू क्लोजअपसाठी राखून ठेवायचे. तिथे एका क्लोजअपला अर्धा दिवस मिळायचा.

शॉटच्या आधी मी तिला कानात सांगितलंही होतं. "बाई गं, इथे क्लोजअप मिळेलच असं नाही. जे काय करायचंय ते आत्ताच कर."

"तुला कधी क्लोजअप मिळाले नाहीत, म्हणून तुला असं वाटतं," ती म्हणाली.

घ्या! म्हटलं, मर.

"कट! झकास," बड ओरडला. "चला, पुढचा सेट."

"आणि माझा क्लोजअप?"

"वेळ नाही मॅडम. छान झालंय."

"बाळ, मी अजून सुरुवातसुद्धा केलेली नाही!"

पण बड पुढच्या सेटवर पोचलाही होता. थिओडोरा खुर्चीतून उठेना. सुतार आले आणि त्यांनी तिच्या मागची भिंत उचलून नेली, मग खिडकी. त्या उघड्यावर बसून तिने मला फर्मावलं, "नेटी, माझ्या आधीचं वाक्य दे." मी दिलं. काय करणार? आणि मग तिने राखून ठेवलेलं सगळं बाहेर काढलं. हात गळ्याशी, डोळे बशांएवढे, प्रत्येक शब्दाला उसासा, शेवटी अश्रूंची धार. कॅमेरा नाही, दिवा नाही. खरं सांगते, ते भयंकर होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ते सुंदर होतं की नाही, हेही मला आता सांगता येईना. एका सुताराने मला हळूच विचारलं, "बाईंना डॉक्टर बोलवायचा का?"

रविवारी ते दाखवलं गेलं आणि सोमवारी पेपरवाले वेडे झाले. काय तो संयम! काय ते बर्फासारखं थंड काळीज! ज्या बाईने काहीच केलं नव्हतं, तिच्या न करण्यावर रकानेच्या रकाने. ही तीच शहाणी मंडळी, गालिच्यावरच्या मरणालाही थरार म्हणणारी. सेलवूडने तिला चाचणीसाठी बोलावलं. मी तिला फोन करून बजावलं, "त्या दिवशीसारखंच कर. काही करू नकोस."

"तीस वर्षं जळतेस माझ्यावर," ती म्हणाली आणि तिने फोन आपटला.

अर्थात चाचणीला तिने सगळं केलं. हात, डोळे, उसासे, धार.

दोन दिवसांनी खुद्द सेलवूडचा फोन माझ्याकडे. मला त्याने आयुष्यात कधी फोन केला नव्हता. "मिस ग्रूबर, तुम्ही त्या दिवशी तिच्यासमोर होतात. मला टीव्हीवरची बाई हवी आहे, ही किंचाळी नको. टीव्हीच्या वेळी तिला बरं नव्हतं का, म्हणून ती तशी थंड होती?"

टीव्हीवरचं ते चुकून झालं, एवढं मी बोलले असते तर थिओडोरा त्याच दिवशी संपली असती. तिने मला इतकी वर्षं रुमाल धरायला लावला, त्याची परतफेड फुकटात झाली असती. पण कॅमेरा नसताना, उघड्यावर बसून रडणारी ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. ती वाईट रडत होती, पण मनापासून.

"ती उत्तम आहे," मी म्हटलं. "फक्त तिला कॅमेरा चालू आहे हे सांगू नका. म्हणा, दिवे बघतोय, शब्द नुसते म्हणा. खरा क्लोजअप नंतर."

सेलवूड खो खो हसला. त्या हसण्याचा मला संताप आला, पण बोलून चुकले होते.

भूमिका तिला मिळाली. तारेचा प्रसंग त्यांनी असाच घेतला, दिवे बघण्यापुरता. नंतर तिचं समाधान व्हावं म्हणून खराखुरा क्लोजअपही घेतला. ती ढसाढसा रडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती.

पहिल्या खेळाला तिने मला शेजारी बसवलं. खुशीत होती. "आता बघ," ती म्हणाली. तार आली. पडद्यावर तिचा चेहरा, भिंतीएवढा. थकलेला, रिकामा, कशाचीही वाट न बघणारा. तिने तार वाचली आणि घडी घालून ओट्यावर ठेवली. थिएटरमध्ये लोक रडायला लागले. मीसुद्धा रडले, आणि मी असल्या गोष्टींना रडत नाही.

थिओडोराने माझा हात घट्ट धरला. "हे चुकून लागलंय. हे नव्हे. माझा प्रसंग कुठाय?"

"हाच तो."

"अगं, मी इथे काहीच करत नाहीये!"

ती पडद्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. ती मूर्ख होती, पण इतकी नव्हे.

"तुला ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं त्यांना."

मला वाटलं, थोबाडीत देईल. खेळ संपला, दिवे लागले, लोक उठून उभे राहिले आणि तिच्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागले. खालच्या रांगेतून सेलवूड हात हलवत होता. त्याने तिच्यासाठी पुढचा सिनेमाही ठरवून ठेवलाय, अशी कुजबुज होतीच. थिओडोरा उठली नाही. माझा हातही तिने सोडला नाही.

"आता मला कळलंय, नेटी," ती म्हणाली. "मग पुढच्या वेळी मला फसवणार कोण?"

लोक टाळ्या वाजवतच होते.