फलकावरचं नाव

सकाळी चिंगी चालता चालता दोनदा पडली, तेव्हा गणवेशांच्या बाह्या जोडायच्या तशाच टाकून शिवणबाईनं मशीन बंद केलं आणि लेकीला कडेवर घेऊन आरोग्य कचेरी गाठली. एरवी ती कशाला जाईल? तिचा सख्खा दीर तिथं कारकून. घरचा माणूस आत असताना खिडकीशी उभं राहायचं म्हणजे त्याचाच अपमान! आठ महिन्यांपूर्वी अर्ज तिनं त्याच्याच हाती दिला होता. चिंगीला लाखात एखाद्याच पोराला होणारा, स्नायू झिजवणारा आजार. औषध इतकं महाग की सरकारी निधीशिवाय मिळणं अशक्य. "साहेबांच्या टेबलावर आहे, वहिनी," असं तो दर वेळी सांगे, आणि ही बापडी त्याला आशीर्वाद देई.

आज तो रजेवर होता. मुलीची सोयरीक पक्की करायला त्याच्याकडे पाहुणे यायचे होते.

खिडकीतल्या बाईनं नोंदवही दोनदा चाळली. "या नावाचा अर्ज आलेलाच नाही."

"असं कसं? नीट बघा की!"

"बघितलं हो. मुलगी केवढी?"

"अकरा दिवसांपूर्वी सहा पूर्ण झाली."

बाईचा चेहरा उतरला. औषध सहाच्या आत सुरू झालं तरच निधी, असा नियम. पोराच्या जिवालासुद्धा शाळाप्रवेशासारखी शेवटची तारीख! "उशीर का झाला ते कचेरीच्या माणसानं लेखी दिलं, तर समिती विचार करते," ती म्हणाली. "कधी कधी."

शिवणबाई तडक दिराच्या घरी गेली. तो स्वयंपाकघरात दुसऱ्या चहाचे कप मांडत होता.

"भावजी, अर्ज कुठंय?"

त्यानं आधी दार लोटलं. मग कपाटातल्या कपड्यांखालून अर्ज काढला. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"मंजूर पोरांची नावं फलकावर लागतात, वहिनी. आडनावासकट. घराण्यात रोग आहे म्हटल्यावर आमची पोरगी कोण करणार? लग्न उरकलं की देणारच होतो."

"आणि माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलत राहिलात?"

"हळू बोला. पाहुणे बाहेर बसलेत. हात जोडतो."

परक्यानं केसानं गळा कापला असता, तर तिनं चार शिव्या हासडल्या असत्या. हा तर पाठच्या भावासारखा जपलेला!  मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि दार सताड उघडलं.

"पाहुणेमंडळी, ही माझी मुलगी. हिला जन्मापासून आजार आहे. औषध सरकार देतं. पण तुम्हाला कळू नये म्हणून हिच्या काकानं हिचा अर्ज आठ महिने दडवला."

पाहुण्यांचे कप हातातच राहिले. नवरी व्हायची ती पुतणी उठली, कागद-पेन आणून बापापुढे ठेवलं. "बाबा, लिहा. का उशीर झाला ते सगळं लिहा."

त्यानं लिहिलं. पाहुणे चहा न संपवताच गेले.

समिती अजून विचार करते आहे. चिंगीला आता हात दिल्याशिवाय उभं राहता येत नाही. वाचकहो, तुमच्याही घराण्याच्या अब्रूखाली असा एखादा कागद दडपलेला असेल, तर तो आजच बाहेर काढा. उद्या तुमच्याही घरातली पोर सहा वर्षांची होईल.