ओल्या वाडग्याचं कौतुक

त्या आयतवारी सुविधा म्हापशाहून आली तेव्हा मालती चाकावरच बसली होती. सर्वण गावातल्या घरामागे पत्र्याच्या छपराखाली चाक होतं, आणि मुळगावच्या शेतातून आणलेल्या मातीचा ढीग. येताना डिचोलीच्या पोदेराच्या बेकरीतून घेतलेले उंडे पाव सुविधाने चुलीपाशी ठेवले, चहाला आधण ठेवलं आणि पायरीवर बसून ती आईचे हात बघत राहिली.

कुंभाराच्या घरात बायकांनी माती मळावी, थापावी, घोटावी; चाकावर पुरुषाने बसावं, अशी रीत. यशवंत गेला त्या वर्षी मालती कुणाला न विचारता नवऱ्याच्या चाकावर बसली. शेजारणी आधी कुजबुजल्या, मग त्याच तिच्याकडून दह्याचे वाडगे नेऊ लागल्या. आता तर मोरजीच्या हॉटेलवाल्यांची गाडी दारात येई.

गोळा तिच्या हाताखाली थोडा डगमगे आणि मग असा स्थिर होई की चाक फिरतंय हे कळूच नये. मग काठ वर येई, सावकाश, जणू तो आत होताच. सुविधा ग्रंथालयात नोकरीला. आयुष्य वाचनात गेलेलं. पण जिथे एकही शब्द जास्तीचा नाही असं काही तिने फार थोडं वाचलं होतं. आईचा वाडगा तसा असे.

सोबीत झालो, सुंदर झाला, हे ती कधी बोलली नव्हती. बोलायचंच नसे. ओल्या भांड्याचं कौतुक केलं तर दिष्ट लागून ते सुकताना तडकतं, असं मालती मानायची. काय म्हणायचं ते आव्यातून, भाजून बाहेर आल्यावर. आणि आवा पेटायचा आठवड्यात मधेच कधीतरी, सुविधा म्हापशात असताना; ती येईपर्यंत वाडगे विकले गेलेले.

वाडगा दोऱ्याने कापून फळीवर ठेवत मालतीने विचारलं, "कसो झालो?"

"बरो आसा."

"शाणी गो माझी बाय! तोंड आवरूक शिकली." मालतीने मळलेल्या मातीचा एक गोळा बाजूला काढला. "ह्यो तुझो. बसतंस आज?"

"आज नको, आई. चारची बस आसा. पुढल्या आयतवारी."

"बरां तर. माती काय खंय पळान जाता?" म्हणत मालतीने गोळा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला.

बुधवारी सकाळी चहा गाळता गाळता मालती खाली बसली, ती उठली नाही.

सुतकात चाक बंद. मातीला हात लावायचा नाही. पण गोणपाट सुकलं तर गोळा दगड होईल, म्हणून सुविधा रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडायची. शेजारच्या दारातून जयरामकाका, यशवंतचा धाकटा भाऊ, बघायचा. एकदा तो आभाळाकडे बघत मोठ्याने म्हणाला, "पाणी शिंपडणां म्हणजे काय हात लावणां न्हय," आणि भरलेली घागर तिच्याजवळ ठेवून निघून गेला.

सुतक फिटलं. काका म्हणाला, "वहिनीचे शेवटचे वाडगे फळीर सुकले. पुढल्या शनिवारी आवा लावतंय. तुझो वाडगो तेंच्याबरोबर घालूचो आसा मगे? उद्यापर्यंत होऊक व्हयो, नायतर ओलो तो आव्यात फुटतलो, आणि वहिनीचेय फोडतलो."

सुविधा चाकावर बसली. आईने आपल्यासाठी काढलेला गोळा आईच्याच वाडग्यांसोबत भाजला जावा, एवढंच तिला हवं होतं.

गोळा काही केल्या मध्यावर येईना. एकदा तर तो चाकावरून सुटून सरळ भिंतीवर गेला.

"हळू गो! मोरजीक पोचतलो तो," काका म्हणाला.

"पुस्तकात वाचलंय, कोपर मांडीला टेकवायचं."

"मगे टेकव! पुस्तक कित्याक खोटां सांगात?"

कोपर टेकवल्यावर गोळा थांबला खरा, पण काठ वर घेताना दर वेळी भिंत वाकायची आणि बसायची. काका माती गोळा करून पुन्हा मळून द्यायचा. "मोडांदे. भाजल्याबिगर माती मरणा नाय."

"काका, आई कसं करायची?"

"माका म्हायत असतां तर मी केलंय नसतंय? माझो वाडगो बघ. म्हशीक पाणी दाखवूचो."

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी तेच. सुविधा हात धुऊन फळीपाशी गेली आणि आईचा एक वाडगा तिने ओंजळीत उचलला. सुकलेला, पण कच्चा. जरा दाबला तर हातात चुरा. तिने डावी बोटं हळूच आत घातली. मातीवर बारीक वळसे होते आणि त्यांच्यामधून एक गुळगुळीत वाट तळापासून काठापर्यंत चढत गेली होती. बोटाच्या टोकाची नव्हती ती वाट. सुविधाने अनामिका दुमडली, आणि पेराची पाठ त्या वाटेत बरोबर बसली.

आईचं ते बोट दारात सापडून कायमचं वाकडं झालं होतं. त्या वाकड्या बोटाची पाठच ती आतून टेकवायची. भिंत ढकलायची नाही, तिला आधार द्यायची.

सुविधा परत बसली. बोट दुमडलं. काठ वर आला. जरा जाड, एका बाजूला झुकलेला, पण उभा राहिला.

दोऱ्याने कापून तिने तो फळीवर आईच्या वाडग्यांशेजारी ठेवला. काका बराच वेळ बघत होता.

"कसो झालो?" त्याने विचारलं.

"बरो आसा," सुविधा म्हणाली, आणि दोघंही दुसरीकडे बघू लागली.

शनिवारी आवा पेटला. आयतवारी सकाळी काकाने राख बाजूला सारून एकेक भांडं बाहेर काढलं. सुविधाच्या वाडग्याच्या काठाला चीर गेली होती.

"धूप जाळूक चलात," काका म्हणाला.

आईचे सगळे अखंड निघाले. त्यातला एक त्याने बोटाने वाजवला, खणखणला. मग तो अजून कोमट असलेला वाडगा त्याने सुविधाच्या हातात दिला.

"आता बोल गो. आता दिष्ट लागणा नाय."

सुविधाने वाडगा उन्हात धरला. रिकाम्या चाकाकडे वळून, ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "आई, सोबीत झालो गो. दर आयतवारी सोबीत झालो. तुझ्यासारखो माका खंयच बघूक गावलो नाय."