सरकारी चहाचा पेला

मी एक पेला बोलतोय. पांढऱ्या चिनी मातीचा, पोटावर निळ्या बांबूची दोन पानं. जन्मलो तेव्हा खाली बशी होती आणि वर झाकण. आता दोन्ही नाहीत, आणि काठाचा टवकाही उडाला आहे. तरी माझं आयुष्य आता कुठे मार्गी लागलंय असं मला वाटतं. ते कसं लागलं, तेवढंच सांगायचं आहे.

माझा कुंभार फार बोलणारा नव्हता. भट्टी उघडल्यावर त्याने मला बाहेर काढलं, गार होऊ दिलं, आत पाणी ओतलं आणि उजेडाकडे धरून कुठे झिरपतं का ते पाहिलं. मग ते पाणी फेकून न देता पिऊन टाकलं. "जमलाय," एवढंच म्हणाला. मला वाटलं, कळली जगण्याची रीत. भरायचं, ओठाला लागायचं, रिकामं व्हायचं. इतकी सोपी नोकरी कुणाला नको असते? पण मी सरकारी खरेदीत गेलो.

तेव्हा पेकिंगला अजून बादशहा होते आणि आमच्या लिनशी तालुक्याला मामलेदार. कचेरीच्या बैठकीच्या खोलीत, मामलेदारांच्या उजव्या हाताशी, काळ्या लाकडाच्या तिवईवर माझी नेमणूक झाली. सकाळी आत चहाची पानं पडत, वर कढत पाणी पडे, झाकण बसे. संध्याकाळी तोच चहा, तितकाच, शेवंतीच्या कुंडीत ओतला जाई. मधल्या वेळात मला पुष्कळदा उचलत. प्यायचं मात्र कुणी नाही. ती शेवंती तालुक्यात सर्वांत टपोरी होती.

हा रिवाज नवे मामलेदार थान यांना ठाऊक नव्हता. कुणालाही स्वतःच्या मुलखात नेमायचं नाही, असा सरकारचा नियम. त्यामुळे थानसाहेब फार लांबून आलेले. इथली बोली त्यांना धड कळत नसे, आणि लोकांचं गाऱ्हाणं कळलं नाही तर त्याला हे सरकारमान्य कारण असे. पहिल्याच दिवशी मिठाचा एक व्यापारी भेटायला आला, बरोबर रेशमाचे तागे घेऊन. उकाडा होता. साहेबांनी मला उचललं आणि अगदी मनापासून म्हटलं, "घ्या, चहा घ्या."

दारातला चोपदार लगेच ओरडला, "पाहुणे निघाले!"

पडदा वर झाला. व्यापारी उठला, लवला आणि निघून गेला. तागेही गेले.

"अहो च्याव," साहेब शिरस्तेदारांना म्हणाले, "मी त्यांना चहा घ्या म्हणालो. जा कुठे म्हणालो?"

"ते एकच आहे, साहेब."

"मग खरंच चहा घ्या असं म्हणायचं असेल तर काय म्हणायचं?"

च्याव शिरस्तेदारांनी तीन मामलेदार पचवले होते, पण असा प्रश्न ऐकला नव्हता. "तशी वेळ येत नाही, साहेब," ते म्हणाले, आणि मग त्यांनी शिकवणी घेतली. "पाहुणा टेकला की 'चहा आणा' म्हणावं. म्हणजे आपण त्याची दखल घेतली. मग त्याला बोलू द्यावं. आपल्या कामाचं बोलत असेल तर पेल्याकडे बघूही नये. नसेल तर पेला उचलून 'चहा घ्या' म्हणावं. तोही आपला पेला उचलतो, ओठाला लावल्यासारखं करतो आणि उठतो. कुणाचा अपमान नाही आणि कुणाला उत्तरही नाही."

"आणि मला तहान लागली तर?"

"तर आत जाऊन पाणी प्यावं, साहेब. बाहेरचा चहा सरकारी आहे."

साहेब हुशार होते. शेवंती फुलायच्या आत ते इतके तरबेज झाले की पाहुण्याचा आवाज जरा ओला झाला की हात आपोआप माझ्याकडे येई. एका विधवेचा दीर, पुलाचं काम अडलेला एक मुकादम, सगळ्यांना मी वाटेला लावलं. मी हत्यार झालो होतो, आणि हत्यारावर कुणी रागावत नाही. उलट जाता जाता लोक म्हणत, "काय सुरेख पेला आहे!"

आता पाण्याचं सांगतो, कारण चहा म्हटलं की लोक पानांचं बोलतात आणि पाण्याला विसरतात.

माझ्यातलं पाणी तुंगवान गावच्या झऱ्याचं होतं. गावाच्या वर, कातळातून येणारा, गोड. त्या डोंगरावर वेई शेठचे चहाचे मळे. शेठनी एक दिवस झऱ्याभोवती भिंत घातली, फाटकाला कुलूप लावलं आणि वर पाटी ठोकली: 'कचेरीच्या चहाचं पाणी'. सकाळी एका कावडीतून दोन लहानशा कळश्या कचेरीत येत. बाकीचा झरा दिवसभर शेठच्या मळ्यात जाई. पाटीवर तेवढं लिहायला जागा नव्हती. गावच्या बायका डोंगर उतरून नदीच्या खड्ड्यातलं गढूळ पाणी भरू लागल्या. पोरांची पोटं बिघडू लागली. पण सरकारच्या चहाविरुद्ध तक्रार करणार कोण, आणि कुणाकडे?

गावात यान गुरुजी होते. तरुणपणी पहिली सरकारी परीक्षा पास झालेले, आणि दुसरीत म्हातारे झालेले. त्या पहिल्या परीक्षेने त्यांना एक मोठा हक्क दिला होता: साहेबांपुढे गुडघे न टेकता खुर्चीवर बसायचं. शिवाय अशा माणसाला शिक्षणखात्याच्या परवानगीवाचून कुणी हात लावू शकत नसे. गावाने गुरुजींना पुढे केलं. साऱ्या गावात बसायची परवानगी असलेला तो एकच माणूस होता.

गुरुजी आले. बसले. "चहा आणा," साहेब म्हणाले. मग गुरुजींनी साहेबांच्या प्रकृतीची चौकशी केली. साहेबांच्या वडिलांच्या प्रकृतीची केली. तालुक्यातल्या हवेची स्तुती केली, ती साहेब आल्यापासून सुधारली असं सुचवलं, आणि मग फार जुन्या काळी नद्यांना वळण लावणाऱ्या एका राजापासून विषयाला हात घातला. राजा पहिल्या नदीवर पोचला नाही तोच मी वर गेलो.

"पाहुणे निघाले!"

पुढचा, गुरुजींच्या घरातला संवाद मी तेव्हा ऐकला नाही. पण गुरुजींची बायको, शुए काकू, तो अजूनही आल्यागेल्याला ऐकवते, त्यामुळे मला तोंडपाठ आहे.

"काय म्हणाले साहेब?"

"चहा घ्या म्हणाले."

"मग घेतलात?"

"अगं, तसा तो घ्यायचा नसतो."

"आणि पाण्याचं?"

"तिथवर पोचलो नाही. प्रस्तावना चालू होती."

"अहो, आपल्या लग्नाची मागणी घालायला आलात तेव्हाही माझे बाबा झोपले होते प्रस्तावनेत!"

दुसऱ्या खेपेला गुरुजींनी वडिलांची प्रकृती गाळली. 'झरा' या शब्दापर्यंत आले. हा शब्द ऐकताच साहेबांची बोली सुधारली. त्यांना तो लगेच कळला आणि मी ताबडतोब वर गेलो. परत जाताना गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मी काही करू शकत नव्हतो. पेल्याने उचलणाऱ्याला नाही म्हणायची सोय कुंभाराने ठेवलेली नसते.

तिसरी खेप ऐन उन्हाळ्यातली. त्याच आठवड्यात गावातलं एक तान्हं मूल त्या गढूळ पाण्याने गेलं होतं. काकूंनी त्या सकाळी नवऱ्याला भाताबरोबर नुसता खारवलेला मुळा वाढला. भरपूर.

"खारट आहे गं."

"असू दे. खा."

"पाणी दे."

"पाणी कुठलं? नदीवरचं उकळून पोरांना दिलं. तिकडे कचेरीत आहे की आपल्या झऱ्याचं. तिथे जाऊन प्या."

"अगं, तिथे पीत नाहीत!"

"मग तहानलेले या परत. पण आज राजाची गोष्ट सांगितलीत तर घरात घेणार नाही, सांगून ठेवते."

गुरुजी खोलीत आले ते ओठ पांढरे घेऊन. "चहा आणा," साहेब म्हणाले. चहा आला. गुरुजींनी तोंड उघडलं, पण साहेबांच्या प्रकृतीपुरतीसुद्धा ओल जिभेवर नव्हती. त्यांनी आपल्या पेल्याकडे पाहिलं. मग झाकण काढून बाजूला ठेवलं, पेला दोन्ही हातांनी उचलला आणि चहा पिऊन टाकला. सगळा. घोटाघोटाचा आवाज आला. त्या खोलीत तो आवाज पूर्वी कधी झाला नव्हता.

"छान आहे," गुरुजी म्हणाले. "अजून असेल का?"

चोपदाराने शिरस्तेदारांकडे पाहिलं, शिरस्तेदारांनी साहेबांकडे, आणि साहेबांनी मला उचललं. डाव्या हातात बशी, उजव्या हातात झाकण, मध्ये मी. "चहा घ्या," ते जरा घाईने म्हणाले.

"पाहुणे निघाले!"

गुरुजी पुढे वाकले. "साहेब, तुम्ही पिणार नसाल तर घेतोच," म्हणाले, आणि मला बशीवरून अलगद उचलून त्यांनी ओठाला लावलं.

कुंभारानंतर मी पहिल्यांदा रिकामा होत होतो. त्याबद्दल जास्त बोलत नाही. म्हाताऱ्याचे ओठ फुटलेले होते, एवढं आठवतं.

साहेब एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात झाकण धरून बसले होते. उचलायला काही उरलं नव्हतं.

"हे आमच्या झऱ्याचं पाणी आहे," गुरुजी म्हणाले. गळा ओला झाल्यावर त्यांचा आवाज अगदी साधा निघाला. "वेई शेठनी त्याला कुलूप घातलंय. गावात पोरं आजारी आहेत, एक गेलं. कुलूप काढायचा हुकूम द्या."

"दुसरा पेला," च्याव पुटपुटले. दुसरा पेला आला. साहेबांनी उचलला. "चहा घ्या!"

"आभारी आहे," गुरुजी म्हणाले आणि तोही घेतला. मुळा चांगलाच खारवलेला असावा.

तिसऱ्यालाही तेच झालं. चोपदार दर वेळी ओरडत होता, पण त्याचा आवाज बसत चालला होता. मला गुरुजींनी मांडीवर धरून ठेवलं होतं. बाहेरच्या ओसरीवर खुद्द वेई शेठ भेटीसाठी ताटकळत होते. आतला पाहुणा निघाल्याखेरीज त्यांना आत घेता येत नव्हतं, आणि आतल्या पाहुण्याला हात लावता येत नव्हता. शेवटी रिकामी किटली घेऊन च्याव आले आणि साहेबांच्या कानाशी लागले. कुजबुज सगळ्यांना ऐकू गेली.

"साहेब, आजचं पाणी संपलं."

तेव्हा थानसाहेबांनी बशी आणि झाकण खाली ठेवलं, आणि त्या खोलीत कधीच न विचारलेला प्रश्न विचारला. "तुम्हाला हवंय तरी काय?"

"पाणी."

"ते दिसतंय. किती?"

"गावाला पुरेल इतकं."

लोक पुढे म्हणाले की साहेबांना पाझर फुटला. मी तिथे होतो. साहेबांना फक्त जेवायला उठायचं होतं. पण हुकूम निघाला, शाई वाळली, शिक्का बसला. न्याय कुठल्या कारणाने मिळाला हे तहानलेला विचारत नाही.

मग शेठ आत आले आणि हुकूम ऐकून हबकले. "पण साहेब, कचेरीचा चहा? विहिरीच्या पाण्याने चव जाईल हो!"

साहेबांनी तिवईजवळच्या रिकाम्या बशीकडे पाहिलं. "जाईल," ते म्हणाले. "पण कळणार कुणाला, शेठ?"

गुरुजी निघाले तेव्हा मी त्यांच्याच हातात होतो. विसरले की मुद्दाम नेलं, यावर नवराबायकोचं अजून एकमत नाही. कचेरीच्या कागदांत मी त्या दिवशी फुटलो. सरकारी हिशेबात मेलेल्याला जी मोकळीक असते, ती तेव्हापासून मला आहे.

चोपदार अधूनमधून तुंगवानला येतो आणि पोटभर पाणी पिऊन कचेरीच्या बातम्या सांगतो. चहा आता विहिरीच्या पाण्याचा होतो आणि कुणाच्याही लक्षात आलेलं नाही. च्यावनी माझं झाकण जपून ठेवलंय. माझ्यासारखा नवा पेला येईपर्यंत साहेब ते नुसतं झाकणच उचलत, आणि लोक तेवढ्यानेही उठून जात. माझ्यावाचून अडेल असा माझा समज होता, तोही गेला.

मी आता झऱ्याच्या काठी, सपाट दगडावर असतो. बायका, लाकूडतोडे, खेचरवाले, सगळे माझ्यातून पितात. एका खेचरवाल्याने मला आपटलं, तो टवका तेव्हाचा. गुरुजी येतात, मला भरतात आणि पाण्याच्या थोरवीबद्दल राजापासून सुरुवात करतात. "अहो, आधी प्या!" काकू म्हणते, आणि ते पितात. तुमच्याकडेही असे पेले असतील. मागणं एवढंच: कुणाला घालवायचं असेल तर तोंडाने 'जा' म्हणा, पेल्याला त्या कामाला जुंपू नका.

मागच्या आठवड्यात वेई शेठ मळ्यातून उतरताना इथे थांबले. घामाने भिजलेले. भिंत त्यांचीच, पण फाटक सताड उघडं. काठावर पाचसहा बायका घागरी टेकवून गप्पा मारत बसल्या होत्या. काकूंनी मला बुडवून भरलं आणि पुढे केलं.

"घ्या शेठ, पाणी घ्या."

शेठ लगेच वळले आणि चालू लागले. जुनी सवय.

"अहो शेठ, कुठे निघालात?" काकू ओरडली. "पाणी घ्या म्हटलं, जा नाही म्हटलं!"

शेठ परत आले. त्यांनी मला उचललं आणि बायकांकडे पाहिलं, आता कोण उठतं म्हणून. कुणीच उठलं नाही. मग काय करतात? प्यायले.