तेरा तुकड्यांचा नकाशा

मी एक जुना कापडी नकाशा आहे. थेरगावच्या एका शाळेत आम्रपालीबाई इतिहास शिकवायच्या. त्यांनी मला जुन्या चादरीवर रंगवले आणि कात्रीने माझे तेरा तुकडे केले. त्यांचे पती किसनराव चाकणच्या कंपनीत कामाला होते. त्यांनी सुट्टीच्या दिवशी बसून सगळ्या तुकड्यांना टिचबटणे लावली.

माझ्यावर आफ्रिकेतले झुलू राज्य आहे.

"बाई, झुलू म्हणजे झोका का?" एकदा एका मुलीने विचारले.

"हो, बस तू. मी ढकलते!" बाई म्हणाल्या. वर्ग खूप हसला.

मग बाई सांगू लागल्या. १८७९ च्या जानेवारीत झुलूंनी इंग्रज फौजेला मोठा मार दिला. जुलैत मात्र ते हरले. इंग्रजांनी राजाला पकडून दूर नेले आणि राज्य तेरा सरदारांना वाटून दिले. एवढे सांगून बाई माझी बटणे तटातट काढत, एकेका मुलाला तुकडा देत आणि म्हणत, "आता जोडा पुन्हा."

"माझा मोठाय! नाही देणार, जा!"

"ए, ओढू नको ना!"

तिकडे सरदारही असेच भांडले. आठ वर्षांत इंग्रजांनी सगळाच मुलूख घेतला. यानंतर बाई हळू आवाजात काहीतरी सांगत आणि मुले गप्प होत. मी तेव्हा तेरा मुठींत चुरगळलेला असे. मला ते कधीच नीट ऐकू आले नाही.

मागच्या वर्षी बाई वारल्या. वर्गात मोठा स्क्रीन आला. मला कपाटामागे कोंबले. माझ्या एका तुकड्याने फळा पुसला गेला आणि तो फाटून गेला.

या जूनमध्ये किसनराव मला न्यायला आले.

"काका, बाराच उरलेत. माफ करा," नव्या मंजुषाबाई म्हणाल्या.

"असू द्या हो. तुकडे वाटल्यावर ती शेवटी पोरांना काय सांगायची, तेवढं सांगा."

"मी त्यांना पाहिलंच नाही, काका. घरी कधी बोलल्या नाहीत?"

"सांगायला बसायची. मी म्हणायचो, शिफ्ट करून आलोय, उद्या सांग."

त्यांनी बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीला, स्वरूपाला, फोन केला.

"काका, खरं सांगू? माझा तुकडा कुणी घेऊ नये, एवढंच माझं लक्ष होतं."

किसनराव अजून एकेकाला फोन करत आहेत.

मित्रांनो, मला धुऊन, इस्त्री करून ठेवले तरी बाईंचे ते शब्द मी सांगू शकणार नाही. तुमच्या घरी कुणी काही सांगायला बसले, तर दमला असाल तरी ऐका.