दुपारची फेरी

नाथाजी फौजेत वीस वर्षं गाड्यांचा मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यावर त्यानं इस्लामपुरात गॅरेज टाकलं. सांगलीच्या विश्रामबागेतला राजवर्धन आपली शर्यतीची टर्बो गाडी त्याच्याशिवाय कुणाच्या हातात देत नसे. मामा म्हणायचा त्याला.

एप्रिलात दोघं कोइमतूरच्या ट्रॅकवर गेले. सकाळच्या गारव्यात राजवर्धननं सगळ्यांत जलद फेरी मारली. अंतिम फेरी दुपारी दोनला होती.

"गाडी सावलीत ठेव, बॉनेट उघडं ठेव," नाथाजी म्हणाला. "टर्बो हवा दाबतो, आन दाबली की ती तापती. तिला गार करणाऱ्या जाळीवर वारं लागाय पायजे. उभ्या गाडीला कुठलं वारं? गरम हवा इरळ असती रं. इंजिनाला पुरत न्हाई, मग काँप्युटर आपणहून ताकद कमी करतो."

"व्हय मामा," राजवर्धन म्हणाला. आणि पुढं अर्धा तास उन्हात, रांगेत, एसी लावून, इंजिन चालू ठेवून बसला. मित्र फोटो काढत होते.

फेरी सुरू झाली आणि सरळ रस्त्यावर गाडी ओढेचना. सहावा नंबर आला. उतरल्या उतरल्या त्यानं हेल्मेट आपटलं.

"काय केलंस गाडीला? कुणाला विकला गेलास, सांग!"

आजवर तो कधी नाथाजीला अरेतुरे बोलला नव्हता. नाथाजीनं हेल्मेट उचलून गाडीच्या टपावर ठेवलं आणि आपली हत्यारं पेटीत भरली. कुणीतरी मोबाइलवर ते सगळं टिपलं, आणि संध्याकाळपर्यंत सांगलीभर झालं. गिऱ्हाइकं तुटली. जूनमध्ये नाथाजीनं गॅरेजची पाटी उतरवली आणि मेढ्याजवळच्या आपल्या गावी निघून गेला.

दिवाळीनंतर राजवर्धननं गाडी विकायला काढली. घेणाऱ्यानं गाडीच्या काँप्युटरमधल्या नोंदी मागितल्या, म्हणून त्यानं पहिल्यांदा लॅपटॉप उघडून त्या नीट पाहिल्या. शर्यतीच्या दिवशी इंजिनात शिरणारी हवा सकाळी बेचाळीस अंश होती, दुपारी एकोणऐंशी. बाकी सगळं जिथल्या तिथं.

दुसऱ्याच दिवशी तो नाथाजीच्या गावी गेला. नाथाजी खळ्यावर भाताच्या पेंढ्या रचत होता. चष्मा लावून त्यानं आकडे बराच वेळ पाहिले.

"मला त्याच दिशी कळलं हुतं."

"मग बोलला का न्हाई, मामा?"

"तू गाडीचं कुठं इचारलंस? माझं इमान इचारलंस. त्येला काय आकडं दाखवायचं?"

राजवर्धननं चूक कबूल करणारा व्हिडिओ टाकला. तो चारशे जणांनी पाहिला. पहिला दोन लाखांनी पाहिला होता.

गॅरेज पुन्हा उघडा म्हणून तो आणखी एकदा विनवायला गेला. नाथाजीनं चहा पाजला, त्याच्या आईची तब्येत विचारली, इंजिनाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या खेपेला दारात राहीबाई, नाथाजीची बायको, एकटीच उभी होती.

"नगा येत जाऊ आता," ती हळूच म्हणाली. "तुमी येऊन गेला की दोन दिस जेवत न्हाईत ते."

राजवर्धननं मान हलवली. चप्पल काढायला वाकला होता, तो तसाच मागं फिरला.